गोणी घसरणारा उंट

उमरखेड
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मोतीआत्या,

तुझ्या पाया पडून लिहायला बसले आहे. गुडघा कसा आहे? अक्षरं मोठी काढते, सावकाश वाच.

आधी एक चूक दुरुस्त करते, नाहीतर पुढचं सुचणार नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, जिराफाचं नाव इंग्रजांनी ठेवलं. तसं नाही. मूळ शब्द अरबी, 'जराफा'. तो इटलीमार्गे इंग्रजीत गेला आणि तिथून आपल्याकडे आला. त्याआधी ग्रीक लोक त्याला काय म्हणत? उंट-बिबट्या! फारसीत तर उंट-गाय-बिबट्या. नवं जनावर दिसलं, की त्यांनी ओळखीची जनावरं जोडून त्याचं नाव केलं.

घरच्या ओट्यावर आम्हा पोरांना शिकवताना तूही तेच केलंस. कॅलेंडरवरचं चित्र पाहून म्हणालीस, "हा ठिपक्याचा उंट. पण पाठ पाहा कशी उतरती हाय! गोणी टाकली का सरकन मागं. आपल्या बापजाद्यांनी माल वाह्याले लदणीत घेतलाच नसता." आम्ही पोरं हसून लोळलो.

शाळेत पहिलीच्या वर्गात मी तेच सांगितलं. तिथलं हसणं वेगळं होतं. घरी काही शिकवू नका, असा बाईंचा निरोप आला आणि तू ओट्यावर पोरं बसवणं बंद केलंस. कोणी विचारलं तर एवढंच, "मले काय येते?"

माझी शाळा छान चालली आहे, असं मी दर वेळी लिहिते. तितकी छान नाही. तांड्यावरची पोरं जूनपासून माझ्या वर्गात तोंड उघडत नव्हती. मी आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलले तरी मान खाली. परवा धीर करून जिराफाचं चित्र लावलं आणि विचारलं, याच्यावर गोणी कशी लादायची?

खुशी नावाची पोरगी उठली. "आधी शिडी लागते बाई!"

"मानेले बांधा!"

"मंग तो खाईन कसा, येडे?"

असं भांडण जुंपलं, की शेजारच्या वर्गावरचे सर पाहायला आले. मी फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले.

आत्या, तो प्रश्न तुझा होता. मला शिकवता येतं ते तिथूनच आलं. मुख्याध्यापकांना विचारलं, म्हणाले, "आणा की आत्याबाईंना." तुला मात्र विचारत नाही, तू नाही म्हणशील. सोमवारी पहिला तास तुझा आहे. न्यायला मी आदल्या दिवशीच येते.

तुझ्या ओट्यावरची,
अर्पिता

पहिल्या एसटीनं. रविवार, १६ नोव्हेंबर.