शिशाचं औषध

दि. ४ मार्च

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली पेटी पोचली. कढई, पळी, दोन्ही साचे, सगळं धडधाकट आहे. तुमचा एक हातमोजा तेवढा हमालाने दोन बोटांत धरून आणला. त्याला वाटलं, आत कोणाचा तरी हात राहिलाय!

बंदरामागच्या गल्लीत कोपऱ्यावरची खोली घेतली आहे. दोन बाजूंना खिडक्या, कोरडी फरशी. इथे मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजनं लांबून मागवावी लागतात, त्यामुळे गिऱ्हाईक दारात उभंच आहे. पण माझा पहिलाच घाणा बिघडला. वजनांना देवी आलेल्या तोंडासारखे खड्डे पडले आणि कढईवर जाड राखाडी साय धरली. साच्याला काजळी धरायला मी सात वर्षांची असताना शिकले, पण शिसं साफ करायच्या तुमच्या औषधाच्या डब्याला तुम्ही कधी हात लावू दिला नाहीत. इथे त्याला फ्लक्स म्हणतात. कोणता घ्यावा, किती, कसा, सगळं एकदम लिहा.

आणि शिशाजवळ जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, तेव्हा कारखान्यात गुपचूप डोकावू नका. आई गेल्यापासून तुम्हाला रागावणारं घरात कोणी नाही, म्हणून मला इथून रागवावं लागतं.

तुमची लाडकी आणि आगाऊ,
ठिणगी


दि. ११ मार्च

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. कारखान्याला कुलूप आहे, काळजी नको. सकाळपासून पायरीवर बसतो आणि पोस्टमनच्या सायकलकडे कान लावतो, एवढाच उद्योग.

ती साय म्हणजे कचरा नव्हे. ते वरवर जळलेलं शिसं आणि कथील आहे. काढून फेकलीस तर चांगला माल फेकशील. औषध त्याला परत धातूत वळवतं आणि खरा मळ तेवढा वर ठेवतं. पहिलं औषध मेण. वाटाण्याएवढा तुकडा टाकायचा आणि तोंड मागे घ्यायचं. धूर निघाला की लांब काडीने तो पेटवायचा, म्हणजे खोलीत पसरत नाही. मग तळापासून ढवळायचं, कडा खरवडायच्या. वर कोरडी भुकटी उरेल, ती झाकणाच्या डब्यात. चष्मा, मोजे, लांब बाह्या, खिडक्या सताड उघड्या. त्या खोलीत खाणंपिणं नाही. मी तीस वर्षं कढईशेजारी चहा प्यायलो, त्याचीच फळं भोगतोय.

आज इतकंच, बाकीचं पुढच्या पत्रात.

तुझा,
अण्णा


दि. २४ मार्च

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

मेण पावलं! वजनं लखलखीत निघाली. मेणाचा वास आला आणि मला आपला कारखाना दिसला, तुम्ही पाठमोरे, सदऱ्याच्या पाठीवर ते जळकं भोक. ढवळायचं सोडून मी नुसती उभी राहिले. इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

पण वरच्या मजल्यावरच्या बाई धुराने खोकत खाली आल्या. मेणबत्तीच्या कारखान्यात राहते का मी, असं विचारून गेल्या. तुम्ही भुसाही वापरायचात ना? शेजारी सुताराचं दुकान आहे. मी मेण घेते तो दुकानदार म्हणतो नवसागर घ्या. अण्णा, तुम्ही पत्रं लिहिताय की थेंबाथेंबाने काढा पाजताय? एकदाच सगळं सांगून टाका.

उतावळी,
ठिणगी


दि. ३१ मार्च

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

नवसागर आणू नकोस. त्याचा धूर घसा ओरबाडतो आणि कढईचं लोखंड खातो. भुसा उत्तम, पण साध्या लाकडाचा. रंगाचा किंवा प्लायचा नको. शिशावर बोटभर थर द्यायचा, जळून काळा पडला की मगच ढवळायचं.

भुसा वापरण्याआधी आणखी एक गोष्ट सांगायची आहे, तोवर मेणावर भागव. आज डोळे दुखतात. बाकीचं पुढच्या पत्रात.

तुझा,
अण्णा


दि. ९ एप्रिल

ती. अण्णांस,
जावयाचा सा. न. वि. वि.

तिचा उजवा हात बांधलेला आहे म्हणून मी लिहितो आहे. घाबरू नये.

सोमवारी बोटी निघायच्या होत्या, वजनं अपुरी होती आणि मेण संपलं. तुमच्या पत्राची वाट पाहा असं मी म्हणत होतो, पण तिचा स्वभाव तुम्ही जाणताच. सुताराकडून नुकत्याच कापलेल्या लाकडाचा भुसा आणला, कढईवर टाकला आणि घाईघाईने खाली ढवळला. कढई एकदम उसळली. छतापर्यंत शिसं उडालं. चष्म्याच्या काचेवर दोन थेंब थिजले आहेत. चष्मा नसता तर काय झालं असतं हे मनात आणवत नाही. मनगट भाजलंय. तीन आठवड्यांत भरेल, असं डॉक्टर म्हणाले.

तुम्हाला कळवू नका असं ती म्हणत होती. मग म्हणाली, कळवताच आहात तर अण्णांना विचारा, भुशाची ती राहिलेली गोष्ट कोणती.

आपला आज्ञाधारक


दि. १४ एप्रिल

चि. ठिणगी,

ती गोष्ट अशी. भुसा आधी पत्र्यावर भाजून ठणठणीत कोरडा करायचा. ओल शिशाखाली गेली की तिची वाफ होते आणि शिसं उडवते.

एवढंच होतं, पोरी. त्या दिवशी कागदावर जागा होती. माझे डोळे दुखत नव्हते.

मी मुद्दाम मागे ठेवलं. सगळं एकदम सांगितलं तर तुला विचारायला काय उरणार, आणि विचारायचं काही नसलं तर तू पत्र कशाला लिहिणार? तुझी आई गेल्यापासून या घरात माझ्याशी बोलतं ते तुझं पत्रच. थांब म्हटलं की तू थांबशील असं समजलो. तुला लहानाचं मोठं केलं, तरी असं समजलो. माझ्या हावरटपणापायी तुझा हात भाजला.

आता उरलेलं सगळं घे. पळी बुडवण्याआधी कढईच्या काठावर तापव. भरल्या कढईत थंड, दमट तुकडा कधी टाकू नकोस. पाण्याची बादली दुसऱ्या खोलीत. मेणाऐवजी राळही चालते, चिमूटभरच. काम झालं की कोपरापर्यंत हात धू, कपडे वेगळे धू.

झालं. माझ्याजवळ आता सांगण्यासारखं काही नाही. पत्र आलं नाही तरी मी समजून घेईन.

तुझा अपराधी,
अण्णा


दि. ६ मे

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या. हात भरलाय, पण बोटं अजून आखडतात.

मी खूप रागावले होते. तुमचं पत्र चार दिवस उशीखाली पालथं ठेवलं. ह्यांच्याजवळ म्हणालेसुद्धा, की आता कामापुरतंसुद्धा लिहायची नाही. मग पाचव्या दिवशी पायरीवर बसलेले तुम्ही डोळ्यांपुढे आलात, आणि राग कुठे गेला ते कळलं नाही. मीही तुम्हाला कामापुरतंच लिहीत होते, अण्णा. प्रत्येक पत्रात काहीतरी हवंच असायचं मला. आणि थांब म्हटलं असताना थांबले नाही, तो दोष माझाच.

काल भुसा भाजून घेतला आणि नव्याने कढई चढवली. कढई गुमान राहिली.

पण आता एका गोष्टीवाचून सगळं अडलंय. साच्याला काजळी कशी धरायची? मेणबत्तीची की दिव्याची, जवळून की लांबून, सात वर्षांची असताना शिकलेलं काही म्हणता काही आठवत नाही. तुमच्याशिवाय कोणाला विचारू?

सावकाश, सविस्तर लिहा. एका पत्रात मावायचं नाही. बाकीचं पुढच्या पत्रात.

सायकलकडे कान लावून बसलेली,
ठिणगी