कोरी राहिलेली रांग

तीर्थरूप नाना,

पायांवर डोकं ठेवून लिहिते. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, "मन्ही विहीर कोनलेच नही म्हनत नही." कोणालाच नाही न म्हणणारी विहीर: दोन दिवस तेच वाक्य मनात आहे.

मी ठीक आहे, कोल्हापुरात थंडी बेताची आहे.

दिवाळीत मी विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं, तेव्हा तुम्ही हसलात. ते मी लायबाला, माझ्या विद्यार्थिनीला, प्रोजेक्टसाठी दिलं. त्यातला एक जंतू ओळखू येईना. काय शोधायचं तेच ठाऊक नव्हतं, म्हणून कुठल्याही जंतूच्या डीएनएला चिकटतील असे प्रायमर, म्हणजे डीएनएचेच छोटे तुकडे, निवडले. नाव आलं ते जुलाब करणाऱ्या कुळातलं.

मी तिला म्हटलं, कुठेतरी हात लागला असेल, पुन्हा कर. तिने केलं. ताळ्यासाठी ठेवलेली नुसत्या शुद्ध पाण्याची रांग दोन्ही वेळा कोरीच राहिली, म्हणजे जंतू आमच्या हातून आलेला नव्हता, विहिरीतलाच होता. प्रयोग बिघडलेला निघावा असं मला पहिल्यांदाच वाटलं.

हेमराजदादाच्या तान्हीचं पोट आता कसं आहे? दात येताहेत म्हणून असेल, असं वहिनी म्हणाली होती. घरचं पाणी ती उकळेल. पण तोरणमाळहून ऊसतोडीला आलेली, आपल्याच विहिरीवर पाणी भरणारी माणसं कुठे उकळतील?

त्यांना नाही म्हणणं तुम्हाला जमणार नाही, मला मात्र नाही म्हणाल. तरी मागते, नाना: थोडे दिवस विहिरीवरचा दोर काढून ठेवा.

तुमची,
संध्या