नाक वाहत असलं तरी आण

आचरा,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

प्रिय जॉयसी,

तू आणि लिओन बरी असाल. केव्हिनचा परवा जहाजावरून फोन आला होता. मी ठीक आहे. नारळ पाडून झाले. मांजर अजून पापांच्या खुर्चीत झोपते, मी हाकलत नाही.

फोनवर आपण दोघी सासू-सुना नुसत्या गप्प बसतो, म्हणून लिहिते. उद्या शेजारचा निलेश रिक्षा घेऊन तळेऱ्याला येतोय, त्याच्याकडे पत्र देते.

शनिवारी पापांना जाऊन महिना होतो, देवळात त्यांच्यासाठी मिस्सा आहे. लिओनला सर्दी झाली म्हणून तू येणार नाहीस, असं केव्हिन म्हणाला. मग त्याने आणखी एक सांगितलं. लिओन तुझ्याकडे पाठ करून झोपतो. पापी घेऊ देत नाही. खोकला आला की दुसऱ्या खोलीत पळतो. साडेतीन वर्षांचं पोर!

सव्वीस वर्षं मी अंगणवाडी चालवली. एकाला सर्दी झाली की आठवड्यात वीसही नाकं वाहायची. लहान मुलांना वर्षातून आठ-दहा वेळा सर्दी होते, तशीच ती मोठी होतात, हे मी प्रत्येक आईला सांगितलं. स्वतःच्या घरात विसरले.

दिवाळीच्या सुट्टीत आलीस तेव्हा तू दारातूनच म्हणालीस, "पापा, त्याला सर्दी आहे, जवळ घेऊ नका." याला मी साक्षीदार आहे. संध्याकाळी तेर्साची प्रार्थना संपल्यावर लिओन नेहमीसारखा हात जोडून आशीर्वाद मागायला आला, "बेसांव दी." मी म्हटलं, "लांबसूनच दिया. तुमची छाती काय बरी आसा?" तर हे म्हणतात, "गावभरच्या पोरांचो शेंबूड पुसलंस, आणि माका एकाच नातवाचो मुको नको?" आणि घेतलाच कपाळाचा मुका.

ते गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, छाती आधीच अधू होती, विषाणू कुठून आला ते कोणी सांगू शकत नाही. हे तर रोज मासळीच्या लिलावात जाऊन बसायचे. पण समजा, लिओनकडूनच आला. तरी जपायचं होतं ते आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी. त्याने फक्त हात जोडले होते.

मातीच्या दिवशी फेबीआत्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्या पोराच्या सर्दीन माझ्या भावाक नेलान." लिओन तिथेच बिस्किट हातात घेऊन उभा होता. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी मेणबत्ती सरळ करत बसले.

जॉयसी, ते बोलणं फेबीचं नव्हतं. हॉस्पिटलच्या बाकावरून मीच तिला फोनवर सांगितलं होतं, लिओनची सर्दी यांना लागली म्हणून. तिने ते फक्त मोठ्याने म्हटलं.

काल तिच्या घरी गेले. ती कोलंबी सोलत होती.

"तूच सांगितलंस मगे माका," ती म्हणाली.

"होय, मियाच सांगितलंय. चुकलंय. आता तू पण गप रव."

"आणि लोक इचारतले तेंका?"

"माझ्याकडे धाड."

तिने कोलंबीचे हात धुतले. मग म्हणाली, "चाय घेतंस?" मी घेतली.

तेव्हा शनिवारी तू येणार आहेस. नाक वाहत असलं तरी लिओनला आण. पहिल्या बाकावर तो माझ्या मांडीवर बसेल. शिंकला तर शिंकू दे. ज्याला भीती वाटेल त्याने मागे बसावं, देवळात जागा पुष्कळ आहे. मी धडधाकट आहे. मला सर्दी झालीच तर आठ दिवस गरम पाणी पिईन आणि बरी होईन, आणि लिओन ते बघेल. त्याने ते बघायला हवं.

रुमाल आणू नकोस. अंगणवाडीतले शिल्लक आहेत, धुऊन ठेवलेत. त्याच्या शर्टाला पिनेने मीच लावीन.

तुझी माफी समोर मागेन. लिओनचा बेसांव पत्रातून पाठवत नाही. तो त्याने हात जोडून मागायचा आणि मी त्याच्या कपाळावर द्यायचा.

वाट बघणारी,
इनासिया