जावयाला शिकवलेली शर्यत

कार्तिक शुद्ध चतुर्थी, मंगळवार

आज सकाळी पूजा आटोपली आणि दिवाळसणाला आलेल्या जावईबापूंना हैदराबादच्या घोड्यांच्या शर्यतीची मजा कशी घ्यावी ते शिकवत बसलो. घाटनांदुरात सगळे समजतात, मी दरसाल जमिनीच्या कज्ज्यासाठी तिकडे जातो. जावई उद्या हैदराबादला निघणार म्हणाले आणि माझी जीभ सुटली. पोटभर जेवून जावं, सावलीची बाजू धरावी, घोडा पळण्याआधी फिरवतात तेव्हाच पारखावा. आणि आत शिरताना गळ्यातली तुळशीची माळ काढून खिशात ठेवावी.

जावई हसले. "मामा, खिशातून देवाला दिसत न्हाई व्हय?"

"गर्दीत तुटती म्हणून," मी म्हणालो. तेही खोटंच.

लेक गोदू जात्यावर दळत होती. ती थांबली. "आबा, तुमी तर कचेरीत जात होता ना?"

माळ काढताना इतक्या वर्षांत एकदाही लाज वाटली नाही. आणि हे मी लेकीच्या नवऱ्याला शिकवलं? कौतुकानं?

संध्याकाळी दोघांना आणि हिला समोर बसवलं. कज्जा कधीच मिटला, मी शर्यतीसाठी खोटं बोलून जात होतो, जावईबापू, तुम्ही जाऊ नका, असं म्हणालो. हिने पदर तोंडाला लावला. तरी मी थांबलो नाही, सगळं सांगितलं.