नेरळला रेंज नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

रोजनिशी लिहायची मला सवय नाही. मोहोपाड्याच्या कारखान्यात, लॅबमध्ये, तीस वर्षं रजिस्टर लिहिलं. निवृत्तीच्या दिवशी ठरवलं होतं, आता लिहिणं पुरे. आज लिहायला बसले कारण केतकी, माझी मुलगी, आठवा महिना, मागच्या बुधवारी-गुरुवारी नेरळला दवाखान्यात होती आणि मला ते आज कळलं.

तेही विहीणबाईंकडून. बदलापूरहून त्यांचा फोन. फराळाचा डबा परत द्यायचा राहिलाय, असं चाललं होतं. मध्येच म्हणाल्या, "सलाइन काढल्यापासून बरं वाटतंय हो तिला."

"कसलं सलाइन?"

त्यांनी घसा खाकरला. मग, "अहो, तुम्हाला फोन लागला नसेल."

कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मोजलं नाही. असं पहिल्यांदाच.

केतकीला सहा वेळा लावला. शेवटी तिचाच आला. "अगं आई, बीपी थोडं वाढलं होतं. आता ठीक आहे. तुला लावत होतो, लागतच नव्हता. नेरळला रेंजच नाही आपल्या कंपनीची."

विहीणबाईंना बरा लागला. त्यांची कंपनी वेगळी आहे. म्हणजे दोष कुठे आहे ते उघड आहे.

ते दोन दिवस मी काय करत होते ते आठवून पाहिलं. यांचं पोट बिघडलं होतं, मुगाची खिचडी केली, अळणी. डब्यात भरून दिली, कारण हे दोन्ही दिवस ज्येष्ठ नागरिक संघाच्या कामाला जाणार होते. आणि मी इथे कर्जतला बसून केतकीच्या बाळाचे लंगोट शिवत होते.

मुलगा निनाद माथेरानला हॉटेलात मॅनेजर, तर वर रेंज नाही म्हणतो. हे नदीकडे फिरायला गेले की यांना रेंज नसते. पहिलं बाळंतपण. ती माहेरी येणार, मागची खोली तयार आहे. पण त्याआधीच तिकडे कळा सुरू झाल्या आणि पुन्हा फोन…

कंपनी बदलायची. चौघांची एकदम. पंधरा दिवसांत.

४ नोव्हेंबर, मंगळवार

स्टेशनजवळच्या रुबीनाच्या मोबाइलच्या दुकानात गेले. चांगली पोरगी, तिच्या वडिलांपासूनची ओळख. विचारलं, सगळ्यात चांगली कंपनी कुठली?

"काकी, मी तिन्ही विकते. मी कशी सांगू?"

"रेंजचा नकाशा असेल ना कंपनीचा."

"नकाशात सगळा रायगड रंगवलेला हाय. डोंगरपण. तुमाला जिथं बोलायचं तिथं जाऊन बघा. भिंतीला इचारा."

पटलं. बाकीच्या दोन कंपन्यांची एकेक सिम घेतली. आधार दिलं, फोटो काढला.

"थोडं हसा की काकी."

"सिमला हसरा चेहरा लागतो का?"

"सिमला नाय, मला लागतो."

नावं इथे लिहीत नाही. लॅबमध्ये नमुन्यांना नावं नसत. क म्हणजे आपली सध्याची. ख विहीणबाईंची. ग तिसरी. माझ्या फोनमध्ये क आणि ख, जुन्या हँडसेटमध्ये ग. प्रत्येक जागी प्रत्येकीवरून पाच फोन. किती लागले ते लिहायचं. मग दर बघायचे.

तिन्ही कंपन्यांचे कुटुंबाचे प्लॅन आहेत. चार नंबर, एक बिल. त्यात एक मुख्य नंबर असतो, बाकीच्यांनी किती वापरलं ते त्याला कळतं.

मुख्य मी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी यांच्या मागोमाग नदीकडे. यांना सांगितलं नव्हतं. पुलाच्या अलीकडे क पाचात पाच. पुलावर पाच. पलीकडे, जिथे हे आणि यांचे मित्र चहाच्या टपरीवर बसतात, तिथेही पाच. ख चार. ग दोन.

"इथे तर क चांगली लागते."

"आज लागतेय," हे म्हणाले, "कालपर्यंत नव्हती."

मित्रांपैकी एकाला चहा भुरकताना ठसका लागला. दुसरे म्हणाले, "वहिनी, तुम्ही आलात आणि रेंज आली बघा." सगळे हसले. यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

यांचा हँडसेट जुना झालाय. नवीन घ्यायला हवा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

माथेरान. टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत, गाड्या तिथेच थांबतात, पुढे चालत. साडीच्या काठाला लाल माती.

हॉटेलात शिरले तेव्हा निनाद काउंटरवर फोनवर बोलत होता. खणखणीत. "हो सर, दोन खोल्या, शनिवार-रविवार, हो सर." मला बघितलं आणि आवाज बसला.

"आई? कळवायचं तरी!"

"कालपासून तीनदा कळवलं. तुला रेंज नव्हती."

काउंटरवर किल्लीसाठी थांबलेल्या बाई हसल्या. हा कानापर्यंत लाल.

मग चहा, मग खोली दाखवतो, मग जेवूनच जा. मी व्हरांड्यात, काउंटरवर, मागे भटारखान्यात मोजणी केली. क सगळीकडे पाचात पाच. ख तीन. ग एकदाही नाही.

निघताना म्हणाला, "नेरळला जाणार आहेस का आता?"

"सोमवारी."

"फोन करून जा आई."

"लागतो का?"

पिशवी उचलून दस्तुरीपर्यंत आला. एरवी दारातूनच निरोप देतो.

कंपनीने एवढ्यात टॉवर दुरुस्त केला असणार. रुबीनाला फोन करून विचारलं. "टॉवर? मला तं कोन काय बोललं नाय, काकी."

१० नोव्हेंबर, सोमवार

नेरळ. जसं झालं तसं लिहिते.

अकरा वाजता पोचले. केतकीचे पाय सुजलेत, चेहरा बरा. जावई अमोल कामाला गेलेला. "चहा टाकते" म्हणाली, टाकला, मग कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. तिचा फोन हॉलमध्ये सोफ्यावर. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मोजणी सुरू केली. फोन तिच्याच नंबरला लावायचे, म्हणजे दोन्ही बाजू तपासून होतात.

ग वरून: पाचातले दोन लागले. दोन्ही वेळा तिचा फोन वाजला.

"कोणाचा गं?" गॅलरीतून.

"माझाच. रेंज बघतेय."

ख वरून: चार लागले. चारही वेळा वाजला.

क वरून, म्हणजे माझ्या नेहमीच्या नंबरवरून: माझ्या कानात घंटी स्पष्ट ऐकू येत होती. सोफ्यावर आवाज नाही. जवळ गेले. पडदा उजळलेला. त्यावर "आई". नुसता उजेड, आवाज नाही, थरथर नाही.

पुन्हा लावला. पुन्हा तेच. पाचात पाच.

जागा तीच. फोन तोच. कंपनीही तीच, दोघींची क. बदललेली गोष्ट एकच, फोन करणारा नंबर.

मी उभीच होते. केतकी रिकामी बादली घेऊन आत आली, माझ्या हातातला फोन पाहिला, सोफ्यावरचा पाहिला.

मी म्हटलं, "रेंज आहे."

ती खुर्चीवर टेकली. बादली हातातच.

"आई, तुझा फोन आला की आधी उत्तरं जुळवावी लागतात. काय खाल्लं, किती वाजता, गोळी घेतली का, जेवणाआधी का घेतली. काहीही सांगितलं तरी ते चूकच."

"मग विचारायचं नाही?"

"दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसलं टेन्शन घेता का. अमोल माझ्याकडे बघायला लागला." बादलीची कडी फिरवली. "मी तुझं नाव सांगितलं, आई."

मी तिच्या हातातली बादली घेतली. खाली ठेवली.

"आणि बाळंतपणाला मी इथेच राहणार आहे. अमोलच्या आई येतील."

चहा झाकलेला होता. तो तसाच राहिला. घरी कशी आले त्याची नोंद नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जेवण झाल्यावर यांना विचारलं. सरळ. तुम्हाला माहीत होतं?

यांनी वर्तमानपत्राची घडी केली. पुन्हा केली. "मी गेलो होतो. दोन्ही दिवस."

"संघाचं काम?"

"नव्हतं."

"आणि पोट?"

"माझं पोट बरं होतं गं. तिचं मीठ बंद केलं होतं. म्हणाली, बाबा, आईच्या हातची मुगाची खिचडी आणा. आईला सांगू नका."

म्हणजे डबा तिचा होता. अळणी तिच्यासाठी. आणि मी डबा भरताना यांना सुनावलं होतं, टपरीवर खाता म्हणून पोट बिघडतं.

"निनादलाही माहीत होतं?"

"हो."

"रेंज नाही हे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं?"

"ठरवलं असं नाही," हे म्हणाले. "मी एकदा म्हटलं, ते चाललं. मग निनादने म्हटलं, तेही चाललं." मग हळू, "तू कधी कोणाला विचारलंच नाहीस, की मग बाकीच्यांचे फोन कसे लागतात."

खरं आहे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या नमुन्यातली भेसळ पकडली मी.

खिचडी दोन्ही दिवस संपली का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तक्ता पुरा केला. सुरू केलेलं काम अर्धवट टाकत नाही.

नदी, माथेरान, नेरळ: तिन्ही ठिकाणी क पहिली. दरातही क सगळ्यात कमी. निष्कर्ष: कंपनी बदलायची गरज नाही.

रुबीनाकडे गेले. तक्ता बघून म्हणाली, "काकी, एवढं मोजमाप कंपनीवालेपण नाय करत. मंग बदलायची कंची?"

"कुठलीच नाही. आहे त्याच कंपनीत चौघांचा एकत्र प्लॅन कर."

"मुख्य नंबर तुमचा ना?"

"नाही. यांचा टाक."

तिने वर बघितलं. यांचा नंबर टाकला. पोरीला कळतं.

ग चं सिम बंद करायला दिलं. ख चं विचारलं तिने. म्हटलं, राहू दे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ख चा नंबर केतकीला अनोळखी आहे. सोमवारी चारदा वाजला, पण त्या गोंधळात तिने नंबर बघितला नसणार. नंबर तिच्याकडे नावाने नाही. वाजतो.

दुपारी तिचा नंबर लावला. एकच घंटी होऊ दिली. कापला.

दोन मिनिटांत तिचाच उलट फोन. "हॅलो? कोण बोलतंय? तुमचा फोन आला होता आत्ता."

मोकळा आवाज. हसता. मागे रेडिओ. हा आवाज मी ओळखते, शाळेतून आल्यावर मैत्रिणींशी बोलायची तो. माझ्याशी या आवाजात ती शेवटची कधी बोलली ते…

"हॅलो? ऐकू येत नाहीये तुमचं. रेंज नसेल तुम्हाला."

मी फोन ठेवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रोज लावता येईल. ख वरून. ती "हॅलो" म्हणेल, मी काही बोलणार नाही. तब्येत आवाजावरून कळते. हे मनात आलं, आणि त्याची मला भीती वाटली.

मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. जे तयार होतं ते एका पिशवीत भरलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

नेरळला जाऊन आले. हे सोबत होते, खाली रिक्षात थांबले. निघण्याआधी केतकीला निरोप यांच्याच फोनवरून, यांनीच दिला.

दार तिनेच उघडलं. अमोल मागे.

"आत ये ना."

"रिक्षा थांबवलीय."

पिशवी दिली. वरच्या पाकिटात बोट घालून तिने बघितलं. "हे सिम कसलं?"

"शुक्रवारी तुला फोन आला होता. कोणी बोललं नाही."

तिचा चेहरा उतरला. "तू होतीस?"

"त्यावरून मी केला की तू उचलशील."

"मग मला का देतेस?"

"म्हणूनच."

ती पाकीट हातात धरून उभी. अमोल म्हणाला, "आई, पाणी तरी घ्या." घेतलं. उभ्यानेच. केतकी दाराला टेकली. पोटावर हात होता तिचा. गोळ्या वेळेवर चालल्यात का, हे अगदी ओठांवर आलं होतं. पेला परत दिला.

तिच्या फोनमध्ये माझ्या नावाला आता आवाज लावलाय का ते बघितलं नाही. फोन समोर टेबलावरच होता.

माझा फोन घरी, दिवाणखान्यात, आवाज पूर्ण मोठा. क ला इथे पाचही दांड्या आहेत.

केतकीला दिलं ते:
दुपटी चार, माझ्या जुन्या साड्यांची.
लंगोट बारा, जुन्या लॅबकोटाचे. कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं.
टोपडी दोन.
मुगाची डाळ-तांदूळ, भाजून, डब्यात. मीठ घातलेलं नाही.
ख चं सिम, एक.

मिळाल्याची सही घेतली नाही.