शपथ न मोडणारे गाव

आबा,

काल जळगावात एका वादविवाद स्पर्धेला मी परीक्षक होते. लोकशाहीच्या अपयशाला जबाबदार कोण, मतदार की धनदांडगे, असा विषय होता. दोनच पर्याय समोर ठेवले की तिसऱ्याकडे कोणी पाहत नाही, हे आयोजकांच्या ध्यानात आले नसावे. मुले घोकून आली होती. एका मुलीने मतदाराला ‘विकाऊ’ म्हटले, तिच्या प्रतिस्पर्ध्याने पैसेवाल्यांना गिधाडे म्हटले, आणि टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. उच्चार, मांडणी, वेळेचे भान, सगळ्यांचे गुण मी नेहमीच्या काटेकोरपणे दिले. परंतु ‘विकाऊ’ हा शब्द कानावर पडला तेव्हापासून आपल्या ओट्यावरची ती दुपार माझ्यापाठी लागली आहे. ती अधूनमधून येतच असते. या वेळी मात्र ती जायला तयार नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

सोनगीरहून नरडाण्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या आपल्या गावाला मिरवण्यासारखे काहीच नव्हते. तुम्ही तिथल्या शाळेत मुख्याध्यापक होऊन आलात आणि लोकांची दारू सुटावी म्हणून नारळाची शपथ सुरू केलीत. देवीच्या देवळात जायचे, नारळावर उजवा हात ठेवायचा आणि तुमच्यासमोर शब्द द्यायचा. देवीवर तुमची स्वतःची फारशी श्रद्धा नव्हती. श्रद्धा होती ती शब्दावर. ‘देवीचं जाऊ दे, तू स्वतःपुढे खोटा पडू नकोस,’ असे तुम्ही प्रत्येकाला बजावत असा. पुढे बांधावरची भांडणे, भावाभावांतल्या वाटण्या, रुसून माहेरी गेलेल्या सुना, सगळे त्या नारळावर मिटू लागले. ‘तठला मानूस मरी जाई, पन शपथ मोडस नई,’ असे आजूबाजूच्या गावांतले लोक आपल्या गावाविषयी बोलत, आणि गाव ते ऐकून छाती पुढे काढून चाले. शपथेतून सुटण्याचा मार्ग एकच होता. तुम्ही तांब्यातले पाणी त्या माणसाच्या तळहातावर सोडायचे, की तो मोकळा झाला. वैद्याने दिलेल्या आसवात मद्याचा अंश असतो, असे कळल्यावर एक म्हातारा खोकून खोकून निळा पडला, तरी तो ते घेईना. त्याच्या हातावर तुम्ही पाणी सोडल्याचे मला आठवते. दुसऱ्या कोणासाठी सोडल्याचे आठवत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नरडाण्याकडे कारखाने येणार अशी कुणकुण लागली आणि आपले गायरान एकाएकी मोलाचे झाले. धुळ्याच्या त्या जिनिंगवाल्या शेठला ते हवे होते. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव हवा होता, आणि ठरावासाठी पंचायत. गायरानावर शेळ्या चारून पोट भरणाऱ्या घरांनी तुम्हाला गळ घातली, आणि निवृत्त झालेले तुम्ही, मते मागणे हे भीक मागण्याइतकेच लाजिरवाणे मानणारे तुम्ही, पॅनल करून उभे राहिलात. मी जळगावच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत होते. रजा घेऊन आले. आपली लोकशाही प्रत्यक्ष पाहावी, अशी माझी, आता हसू येईल अशी, इच्छा होती.

शेठने घरोघरी स्टीलच्या कळश्या वाटल्या. त्यात नवीन काही नव्हते. इतर गावांतले लोक कळशीही ठेवून घेत आणि मतही आपल्या मनाने देत; ही लबाडी लोकशाहीच्या किती उपयोगाची असते, हे मला कोणत्याच पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही. पण शेठला आपले गाव नेमके ठाऊक होते. त्याच्या माणसांनी प्रत्येक कळशीत एक नारळ ठेवून आणला, आणि त्यावर हात ठेवून शेठच्या पॅनलला मत देण्याचा शब्द मागितला. बौद्धवाड्यातल्या घरांनी ‘आमच्यात नारळ चालत नाही’ असे सांगून कळश्या परत पाठवल्या. तिथले, शाळेतले तुमचे जुने सहकारी, ज्यांना मी काका म्हणत असे, त्याच संध्याकाळी ओट्याशी आले. “गुरुजी,” ते म्हणाले, “तुम्ही माणसं दारूपासून सोडवलीत आणि नारळाला बांधलीत. दोर तोच आहे. टोक तेवढं आता शेठच्या हातात गेलंय.” तुम्ही हसलात. “मास्तर, भाषण तुम्ही झकास करता. पॅनलचा प्रमुख तुम्हालाच करायला हवं होतं.” त्यावर ते तितक्याच शांतपणे म्हणाले, “मला कोण मत देणार? माझ्या हातचं पाणी अजून तुमच्या गल्लीत चालत नाही.” तुमचे हसू तिथेच थांबले. तुम्ही त्यांना बसायला सांगितलेत. ते बसले नाहीत.

आणि मग मतदानाच्या आदल्या दिवशीची ती दुपार. उन्हे ओट्यावरून उतरू लागली आहेत. आई चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापते आहे आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, जिथून तुमची पाठ आणि त्यापलीकडचे अंगण दिसते. अंगण भरले आहे. सर्वांत पुढे शेळ्या राखणारी ती म्हातारी, जिला सारे गाव अक्का म्हणे. ती चप्पल काढून उन्हात उभी आहे.

“आबा, आमनं चुकनं. घरमा कळशी उनी, आनि नारळवर हात ठेई दिन्हा. पन मत तुमलेच देनं शे. हातवर पानी सोडा. मोकळा करा आमले.”

“जबरदस्ती केली होती कोणी?”

“नई.”

“दारू पाजून हात ठेवायला लावला?”

“तुमना गावमा दारू कोन पेस, आबा?” मागून कोणीतरी म्हणाले, आणि अंगण हसले. दुसरा म्हणाला, “पानी नसीन ते ताक सोडा, पन सोडा!” पुन्हा हशा. त्यांना खात्री होती, आबा. इतकी खात्री, की ते हसत होते. तुम्ही तांब्या उचलणार आणि ओळीने सगळे मोकळे होणार, याबद्दल त्या अंगणात कोणालाही शंका नव्हती. पाण्याने भरलेला तांब्या तर तुमच्या हाताशीच होता.

तुम्ही म्हणालात, “मला मतं मिळावीत म्हणून मी तुमची शपथ सोडवली, तर उद्या शपथ हा शब्द या गावात उरणार नाही. दारू सोडलेला प्रत्येक जण माझ्या दारात हात पुढे करून उभा राहील. शब्द दिलात, तो पाळा. माझं काय व्हायचं ते होईल.”

अक्का म्हणाली, “तुमनं नई हो आबा. आमन्या शेळ्यासनं काय व्हई?”

आईने तवा आपटत उतरवला आणि आतूनच, पण तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सोडी द्या ना हो. देवले बठ्ठं समजस.” देवाला सगळे समजते, यावर तिचा भरवसा होता. तुम्ही मागे पाहिले नाहीत. अक्कालाही उत्तर दिले नाहीत. लोक लगेच गेले नाहीत. ते उभे राहिले, कोणी काही बोलेना, आणि ती शांतता मी तेव्हापासून अनेक ठिकाणी ऐकली आहे: वर्गात एखादा प्रश्न विचारल्यावर, विद्यापीठाच्या सभेत ठराव मांडल्यावर, एकदा तर भर बाजारात भाजी निवडताना. सर्वांना उत्तर ठाऊक असते आणि ते देण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो तो गप्प असतो, तेव्हा ती येते.

तुमचे पॅनल पडले. बौद्धवाड्याने मते दिली, आणि आपल्या गल्लीतल्या, नारळापासून लांब राहिलेल्या थोड्या घरांनी. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तेच लोक पुन्हा अंगणात आले. अक्काचे डोळे सुजले होते. पण मान ताठ होती. “कोनीच शपथ मोडी नई, आबा,” तिने सांगितले. परीक्षेत पहिली आलेली मुलगी गुरुजींना सांगायला येते, तशी. आणि तुम्ही, आबा, तुम्ही तिला “बरं केलंत” म्हणालात.

त्या दिवशी जेवताना मी त्या लोकांना विकाऊ म्हटले. माझे शिक्षण ताजे होते आणि संताप त्याहून ताजा. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. “विकाऊ माणूस आज याला विकला जातो, उद्या त्याला. हे कोणाला विकले गेले नाहीत, म्हणून तर मी पडलो. तुला पगार मिळतो तो शिकवायचा. नीट शिकव.” आई म्हणाली, “जेवा आता. तुम्हा दोघांचं ऐकायला गाव इथे बसलेलं नाही.” पुढे त्या विषयावर आपण कधीच बोललो नाही.

ठराव झाला. गायरानाला तारेचे कुंपण पडले. शेळ्या काही दिवस दाराशी बांधलेल्या दिसत, मग बाजारात गेल्या. अक्का मुलाकडे सुरतेला गेली, ती परत आलीच नाही. कारखाना पुष्कळ दिवस उभा राहिला नाही. तार मात्र राहिली, आणि रोज संध्याकाळी तुम्ही तिच्या कडेने फिरायला जात राहिलात. मी सुटीत आले की सोबत यायची. तुम्ही तारेच्या आत पाहत नसा. माझ्याकडेही पाहत नसा. पायवाट जिथे संपते तिथे क्षणभर थांबायचे आणि वळायचे. पुढे काही वर्षांनी तुम्ही गेलात, तेव्हा सारे गाव स्मशानापर्यंत आले. त्यांच्या मनात तुमच्याविषयी राग नव्हता. असता, तर मला बरे वाटले असते.

इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर स्पर्धेच्या प्रश्नाचे काटेकोर उत्तर माझ्याकडे आहे. धनिकाला मतदाराचा दुर्गुणच लागतो असे नाही. सद्गुण हाती लागला, तर त्याचे काम अधिक स्वस्तात होते. शेठ दोषी आहे, यात मला तिळमात्र संशय नाही. लोकांनी नारळावर हात ठेवायला नको होता, हेही खरे. पण दोर तोडण्याचा अधिकार त्या दुपारी एकाच माणसाकडे होता, आणि त्याने आपला शब्द निष्कलंक ठेवण्यासाठी दुसऱ्यांच्या शेळ्या दिल्या. हे वाक्य मी कोणत्याही लेखात लिहिलेले नाही. इथे ते लिहिले आहे आणि दोनदा खोडून पुन्हा लिहिले आहे.

हे पत्र पाठवायला जागा नाही, आणि असती तरी मी पाठवले नसते. कारण एवढे सगळे लिहूनही एक गोष्ट मागे उरते. तुम्ही नाही म्हणालात, अक्काचा चेहरा पडला, आईने तवा आपटला, आणि त्याच क्षणी तुमच्या पाठीकडे पाहताना माझी मान अभिमानाने ताठ झाली होती. तो अभिमान चूक आहे, हे मी सिद्ध करू शकते. तो अजून गेलेला नाही.