भागीरथीला दिसेल अशा बाकावर

।। श्री ।।
मिरज, १५ जानेवारी १९६२

चि. गणपतरावांस (गणू म्हटलं की गिऱ्हाइकं हसतात म्हणतोस) अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अळणावरची भागीरथी तुला आठवतच असेल. आप्पांचं दुकान तिथं होतं तेव्हा शेजारी राहायची, माझ्याच वयाची. तिचा तुकाराम तुरुंगात आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला लाकडाच्या वखारीला आग लागली, आत झोपलेला राखणदार बिचारा गेला. वखारवाल्यानं तुकारामला गाडीच्या कामावरून नुकतंच काढलं होतं, म्हणून संशय त्याच्यावर. येत्या सोमवारपासून धारवाडला खटला आहे. फाशी नाहीतर जन्मठेप, असं तिनं कोणाकडून तरी लिहून कळवलंय. एकुलता एक आहे रे तिला.

माझे गुडघे धारवाडपर्यंत येत नाहीत. तू जा. काही करू नकोस, तुला करता यायचंही नाही. नुसतं तिला दिसेल अशा बाकावर बस. एवढ्या काळ्या कोटांत एक ओळखीचं तोंड असावं. आणि काय घडलं ते मला लिही, पदरचं न घालता.

शालिनीला, मुलांना आशीर्वाद. माया आहेच, पत्र आलं तर वाढेल.

अक्का

।। श्री ।।
हुबळी, २४ जानेवारी १९६२

ती. अक्काच्या चरणी गणपतचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

दुकान शालिनीवर सोपवून रोज धारवाडची बस पकडतोय. मी लुगडं दाखवलं की गिऱ्हाईक घासाघीस करतं. ती दाखवते तेव्हा मुकाट्यानं घेतं. तेव्हा खटला लांबला तरी घराचं भलंच आहे.

कोर्टात बघ्यांचीही उतरंड असते. पेन्शनर मंडळी पंख्याखालची बाकं धरतात आणि निकाल आधीच लावून मोकळी होतात. सप्तापूरचे एक प्राध्यापक येतात. त्यांनी पहिल्याच दिवशी तुकारामच्या कपाळाची ठेवण पाहून त्याला दोषी ठरवलं. भागीरथी साक्षीदार, म्हणून तिला आत बसू देत नाहीत. व्हरांड्यात बसते. दार उघडलं की डोकावते, मी दिसलो की मान खाली घालते. माझं एवढंच काम.

न्यायाधीश मात्र बघण्यासारखे. बारीक अंगाचे, आवाज चढवत नाहीत, वकिलाइतकंच आरोपीचंही पुरतं ऐकून घेतात. असा माणूस मी आमच्या व्यापारी मंडळात एकही पाहिला नाही.

काल वखारवाल्याचा साक्षीदार उभा राहिला. धोतराची दुकानातली घडीसुद्धा मोडली नव्हती. या बाबतीत माझी नजर चुकत नाही. सात पिढ्यांचा शेतकरी असल्याचं त्यानं सांगितलं. म्हणाला, आग लागली त्या कारहुणवीच्या संध्याकाळी तुकाराम बैल जुंपून, गाडीत रॉकेलचा डबा घालून वखारीकडे जाताना आपण पाहिला. अक्का, कारहुणवीला! म्हणजे आपल्या बेंदराला, शिंगं रंगवून पोळी खाऊ घातलेल्या बैलाच्या मानेवर जू! मागची सगळी बाकं हसली. माझं हसू जरा मोठंच निघालं. पट्टेवाला माझ्यावर खेकसला. न्यायाधीशांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि साक्षीदाराला कन्नडमधून शांतपणे विचारलं की तुझ्या सात पिढ्यांत त्या दिवशी कोणी बैल जुंपला होता का.

तो गडबडला, पण सावरला. म्हणाला, ज्याला देवाधर्माची चाड नाही तोच आग लावतो आणि तोच बैल जुंपतो. आता बैल गोठ्यातच होते हे सांगणारी एकटी भागीरथी. तिची साक्ष उद्या.

लोभ आहे तसाच राहू दे, तो तहकूब करू नकोस.

तुझा गणपत

।। श्री ।।
हुबळी, २५ जानेवारी १९६२

ती. अक्कास नमस्कार वि. वि.

कालचं पत्र पोचण्याआधीच हे लिहितोय. भागीरथीनं घात केला.

तुकारामच्या वकिलानं तिच्याकडून घोटून घेतलं होतं: बैल दिवसभर गोठ्यात, आणि तुकाराम रात्रभर घरात. पहिलं तिनं खणखणीत सांगितलं. शिंगांना रंग कोणता, पाठीवरची झूल कोणत्या जुन्या लुगड्याची, सगळं. दुसरं विचारलं तेव्हा पिंजऱ्यातून वळून बाकांकडे पाहिलं. मी मान हलवून धीर दिला. मग म्हणाली, दिवेलागणीला तो बाहेर पडला. कुठं गेला ठाऊक नाही. जे पाहिलं नाही ते सांगणार नाही.

वकिलानं कपाळाला हात लावला. मला संताप आला, आणि त्याच क्षणी तिच्या पाया पडावंसंही वाटलं.

निकाल सात तारखेला. मध्ये अष्टग्रही आहे. आठ ग्रह एका राशीत येऊन जग बुडणार म्हणून इथं होमहवनं चालली आहेत आणि माझ्या दुकानात सोवळ्यांचा तुटवडा पडलाय. बुडालं तर तो निकाल तरी ऐकावा लागणार नाही.

जग राहिलं तर लोभही राहावा.

गणपत

।। श्री ।।
मिरज, २९ जानेवारी १९६२

चि. गणूस आशीर्वाद.

भागीरथी पहिल्यापासून तशीच. लहानपणी देवळामागच्या चिंचा मी पाडल्या. आप्पांनी विचारलं, तर माझं नाव सांगून मोकळी झाली, आणि मी मार खाताना शेजारी येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून मी तिच्याशी कधी खोटं बोलले नाही, ती माझ्याशी नाही.

रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. निकालाला तू तिथंच बस. अष्टग्रहीचं कारण सांगू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नये.

अक्का

।। श्री ।।
हुबळी, ७ फेब्रुवारी १९६२

तुकाराम सुटला. आधी हे, मग ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

न्यायाधीशांनी निकालात म्हटलं की मुलाच्या गळ्याशी आलेलं असतानाही जी आई सोयीचं खोटं बोलली नाही, तिनं बैल गोठ्यात होते म्हटलं तर ते होतेच. गाडीच निघाली नाही, तर साक्षीदारानं पाहिलं काय? प्राध्यापकांनी कपाळशास्त्राविषयी मौन पाळलं. आणि सुटल्यावर कळलं, आपला बहाद्दर त्या संध्याकाळी होता दारूच्या गुत्त्यावर! दारूबंदीत साक्ष द्यायला एकही दोस्त पुढं येईना, आणि आईला कळेल म्हणून हाही गप्प. फाशी परवडली, पण आई नको.

व्हरांड्यात मी भागीरथीला विचारलं की वकिलानं सांगितलेलं का नाही बोललीस. तर म्हणाली, बोलणारच होते, गणपण्णा. शपथ देवाची होती, तो मायाळू आहे, आईचं खोटं त्यानं पोटात घातलं असतं. पण वळून पाहिलं तर तुम्ही बसलेले. मनात आलं, हे आता सगळं गोदक्काला (म्हणजे तुला) लिहिणार.

अक्का, तू म्हणाली होतीस, काही करू नकोस, नुसता बस. नुसत्या बसण्यानं माझ्या हातून एक माणूस फासावर जाता जाता राहिला आणि सुटलाही. पुन्हा कुठं बसायला सांगशील तर आधी विचार कर.

लोभाची फेरतपासणी नसावी.

तुझा गणपत

ता. क. भागीरथीनं तुझ्यासाठी चिंचा दिल्या आहेत. या वेळी तिनं स्वतः पाडल्यात, आणि कुठल्या झाडाच्या ते विचारल्यावर तेही सांगितलं. देवळामागच्याच.